बाईचं रक्त आणि म्हातारपणाचं विसरणं

(बारामती एमआयडीसीतल्या कामगार बायका आणि आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या कार्यकर्त्या यांच्यापुढे केलेलं भाषण)



आपल्या गटांकडे घरातल्या छळाच्या ज्या तक्रारी येतात, त्यांत अधूनमधून एक उलटी तक्रार असते. सासू सांगत येते, सून मला जेवायला घालत नाही. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही. गल्लीतल्या चार जणी सांगतात, होय, म्हातारी रोज दारात बसून रडते. कार्यकर्ती घरी जाते तेव्हा सून म्हणते, आत्ता तासापूर्वी दुधात भाकरी कुस्करून दिली, ताट अजून मोरीत पडलंय. आता खोटं कोण बोलतंय? आपला कल नेहमी दुबळ्या बाजूकडे जातो, तो जायलाच हवा. पण इथे दुबळी बाजू कोणती हेच कळत नाही. माझं म्हणणं असं, की पुष्कळदा दोघीही खरं बोलत असतात. सासू जेवलेली असते, आणि जेवल्याची नोंद तिच्या मेंदूत झालेलीच नसते. तिच्या दृष्टीने ती उपाशीच आहे.

या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणतात, डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात. त्याचे प्रकार आहेत, त्यातला सगळ्यात मोठा अल्झायमर. देशभरातल्या साठीपुढच्या लोकांची पाहणी करून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार आपल्याकडे शंभरातल्या सात ते आठ वृद्धांना डिमेन्शिया आहे. म्हणजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. ही दोन वाक्यं ऐकून आपण सावध व्हायला हवं. बायका जास्त जगतात म्हणून त्यांच्यात जास्त, असं एक उत्तर दिलं जातं. ते काही अंशी खरं आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

मी डॉक्टर नाही. मी लॅबमध्ये रक्त तपासते. मेंदूविषयी जे सांगणार आहे ते वाचून आणि डॉक्टरांना विचारून समजून घेतलेलं आहे. रक्ताविषयी जे सांगेन ते मात्र रोज डोळ्यांखालून जातं. कपडे शिवणाऱ्या, चॉकलेट आणि दुधाचं पॅकिंग करणाऱ्या, गाड्यांचे सुटे भाग जोडणाऱ्या बायका, इंदापूरकडून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या मुली, सगळ्यांचं रक्त माझ्या टेबलावर येतं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. माझ्यासमोर ९ येतं, ८ येतं, आणि ती बाई दोन पायांवर चालत आलेली असते, आल्यावर विचारते, उशीर लागेल का, दुपारची शिफ्ट आहे. कामावर लागण्याआधीच्या तपासणीला आलेली एखादी हळूच म्हणते, "ताई, अकरा लिहा ना." मी लिहीत नाही. पण ती का म्हणते ते मला समजतं. कमी रक्त हा तिच्या दृष्टीने आजार नाही, तो नोकरीतला अडसर आहे. हा आकडा तिच्या औषधपाण्यासाठी काढलाय, तिला दारातून परत पाठवण्यासाठी नाही, हे कंपन्यांना ठणकावून सांगणं आपल्या गटांचं काम आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. त्याच्या आधीच्या पाहणीत ४८ टक्के होत्या. म्हणजे आपण पुढे नाही, मागे आलोय.

तर या रक्ताचा आणि म्हातारपणाच्या विसरण्याचा संबंध काय?

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के. पण आपण घेतो त्या प्राणवायूतला पाचवा हिस्सा तो एकटा खातो. दिवसाला साधारण शंभर ते सव्वाशे ग्रॅम साखर, म्हणजे रक्तातली ग्लुकोज, त्याला लागते. आणि हा गडी साठा करून ठेवत नाही. पायाच्या स्नायूंत, यकृतात थोडी शिल्लक असते, मेंदूत जवळजवळ नाही. त्याला चोवीस तास चालू पाणी लागतं.

आपल्या भागात हे समजायला सोपं आहे. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटलं म्हणजे प्रत्येकाच्या शेताला मिळालं असं नसतं. वरच्या अंगाच्या चाऱ्या भरतात आणि टेलच्या शेतकऱ्याची पाळी येईपर्यंत पाणी बंद होतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची तीच गत आहे. शेवटच्या केशवाहिन्या इतक्या बारीक, की रक्तातली लाल पेशी तिच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा अरुंद वाटेतून जाते. अंग दुमडून, चेपून जाते. लाल पेशी मोठी त्यागी आहे बघा. पक्व झाली की तिच्यात केंद्रक नसतं, आणि प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी यंत्रणाही नसते. ती स्वतः वाहून नेते त्या प्राणवायूतला कणभरही खात नाही. थोड्याशा साखरेवर चार महिने राबते आणि संपते. (आमच्या लॅबमधल्या एक बाई म्हणतात, लाल पेशी म्हणजे सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवणारी घरची बाई. मी म्हणते, लाल पेशी मुळी जेवतच नाही, तेवढी उपमा आपण मान्य करायची नाही.)

रक्तक्षय म्हणजे ही वाहतूक कमी. हृदय जोरात पळतं, मेंदूकडचा प्रवाह वाढतो, आणि पुष्कळ दिवस काम निभतं. वय झालं, रक्तवाहिन्या कडक झाल्या, की निभेनासं होतं. अमेरिकेत सत्तरीतल्या अडीच हजार लोकांवर अकरा वर्षं लक्ष ठेवलं. सुरुवातीला रक्तक्षय असलेल्यांपैकी २३ टक्क्यांना पुढे डिमेन्शिया झाला, नसलेल्यांपैकी १७ टक्क्यांना. हा अभ्यास २०१३ चा. हॉलंडमधल्या रॉटरडॅमला बारा हजारांवर लोकांच्या अभ्यासातही २०१९ साली तेच दिसलं, रक्तक्षय असेल तर अल्झायमरचा धोका साधारण चाळीस टक्क्यांनी जास्त. पण त्याच अभ्यासात असंही दिसलं की हिमोग्लोबिन फार जास्त असलेल्यांतही डिमेन्शियाचा धोका वाढतो. म्हणून ऐकून घरी जाऊन कुणी सासूला लोहाच्या गोळ्या सुरू करू नका. रक्तक्षयामुळेच डिमेन्शिया झाला असं या अभ्यासांनी सिद्ध होत नाही, दोन्ही एकत्र आढळतात एवढंच कळतं. लोहाच्या गोळीने अल्झायमर बरा होतो असं सांगणारा भेटला तर तो औषध विकायला आलाय असं समजा. शिवाय पाळी गेल्यानंतर रक्त कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय का, पोटात, आतड्यात, हे आधी बघावं लागतं.

आता साखरेची गोष्ट. साखरेसारख्याच एका पदार्थाला किरणोत्सर्गी खूण लावून शिरेत सोडतात आणि मेंदूचा फोटो काढतात, त्याला पेट स्कॅन म्हणतात. जिथे मेंदू साखर खातोय तो भाग उजळ दिसतो. अल्झायमरच्या रोग्यांत कानामागचा आणि वरचा भाग, जिथे आठवण आणि दिशा यांचं काम चालतं, तो मंद दिसतो. १९९६ साली अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या डॉक्टरांनी दाखवलं, की ज्यांच्या रक्तात या आजाराचा आनुवंशिक धोका मोठा आहे, त्यांच्यात पन्नाशी-साठीतच, आठवण अगदी ठणठणीत असताना, हे भाग मंद झालेले असतात. म्हणजे म्हातारी गॅस बंद करायचं विसरली त्या दिवशी आजार सुरू झाला नाही. तो वीसेक वर्षं आधीच आत बसलेला होता. मेंदूत चिकट प्रथिनांचे थर साठतात, ते आधी की ही उपासमार आधी, यावर शास्त्रज्ञांचं भांडण अजून चालू आहे. रक्तातली साखर मेंदूत शिरायला केशवाहिन्यांच्या भिंतीत जी दारं असतात, ती अल्झायमरच्या मेंदूत कमी झालेली आढळतात, एवढं नक्की. आणि मधुमेहात तर रक्तात साखर उतू जाते तरी पेशींना ती नीट वापरता येत नाही. उसाच्या पट्ट्यात राहून हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कालवा भरून वाहतोय आणि चारी कोरडी.

पांढऱ्या पेशींचंही एक सांगते आणि पुढे जाते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात अल्झायमरसारखा आजार असलेल्या उंदरांच्या मेंदूत त्यांनी पाहिलं, की शंभरातल्या दोनेक केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशी अडकून वाट बंद झालीय. दोन म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण त्या सोडवल्यावर रक्त पळालं आणि काही तासांत उंदरांची आठवण सुधारली. २०१९ सालचं हे काम आहे. उंदरांवरचं आहे, माणसाला लागू औषध त्यातून निघालेलं नाही.

बायकांच्या बाबतीत आणखी एक धागा आहे. पाळी जाण्याच्या काळात स्त्रीसंप्रेरक कमी होतं, आणि तेच मेंदूला साखर वापरायला मदत करत असतं. न्यूयॉर्कच्या लिसा मॉस्कोनी यांनी स्कॅन काढून दाखवलं, की या वर्षांत बायकांच्या मेंदूचा साखरेचा वापर उतरतो. पुढे बऱ्याच जणींचा मेंदू काही अंशी सावरतो. पण पाळी आपोआप न जाता चाकूने घालवली तर? गर्भाशयाबरोबर बीजकोश, डॉक्टर ज्याला ओव्हरी म्हणतात, तेही काढले तर? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ साली प्रसिद्ध केलं, की पाळी जाण्याआधी बीजकोश काढलेल्या बायकांत पुढे डिमेन्शियाचं प्रमाण जास्त आहे, आणि वय जितकं कमी तितका धोका जास्त. आता आपल्या साखर कारखान्यांच्या फडांवर कोयता घेऊन येणाऱ्या बीडच्या बायका आठवा. २०१९ साली सरकारी समितीने बीडमध्ये ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली, त्यांत १३ हजारांहून अधिक बायकांची गर्भाशयं काढलेली होती. खाडा झाला की पैसे कापतात म्हणून, पाळीची कटकट नको म्हणून, डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली म्हणून. त्यातल्या कितींचे बीजकोशही गेले हे त्यांना स्वतःलाच माहीत नाही, कारण कागद हातात दिलेला नसतो. या बायका साठीला पोचतील तेव्हा त्यांच्या मेंदूचं काय होणार, हा प्रश्न आज कुठल्याच खात्याच्या यादीत नाही. तो आपण विचारायला हवा, आणि शस्त्रक्रियेचा कागद बाईच्या हातात मिळालाच पाहिजे ही मागणी आजपासून धरायला हवी.

लॅन्सेट या साप्ताहिकाच्या आयोगाने २०२४ साली चौदा गोष्टी सांगितल्या, ज्या सावरल्या तर जगातला निम्म्याजवळ डिमेन्शिया, नेमकं सांगायचं तर ४५ टक्के, टळू शकतो किंवा लांबू शकतो. रक्तक्षय त्या यादीत नाही, हे मी मुद्दाम सांगते. पण यादीतली पहिली गोष्ट काय आहे? लहानपणी शिक्षण कमी मिळणं. मग बहिरेपण, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, डोळ्यांची अधू नजर, हवेतला धूर. मुलीला तिसरीतून काढून धाकट्या भावाकडे बघायला बसवली, तेव्हा तिच्या सत्तराव्या वर्षाचंही नुकसान झालं. नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं, त्याचंही. सुनेला चष्मा मिळतो आणि सासूला "आता काय वाचायचंय" म्हणून मिळत नाही, त्याचंही. आपण ज्याला बाईचे हक्क म्हणतो ते मेंदूचे हक्क आहेत, असं मला ही यादी वाचताना वाटलं.

आता थोडं हाताला लागेल असं.

विसरणं म्हणजे अल्झायमरच असं नाही. काही विसरणं दुरुस्त होतं, आणि ते आधी शोधायचं. थायरॉइड मंद झालं तर माणूस विसरतो. झोपेच्या आणि काही ॲलर्जीच्या गोळ्यांनी विसरतो. महिन्यापूर्वी मोरीत पडून डोक्यात हळूहळू रक्त साठलं तर विसरतो. उदास असला तर विसरतो. आणि बी-बारा हे जीवनसत्त्व कमी असेल तरीही विसरतो. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासळीतून मिळतं. माळकरी घरातली बाई, दूध सगळं डेअरीला, स्वतःला कोरा चहा, मटण झालंच तर पुरुषांच्या ताटात, तिला ते मिळणार कुठून? माझ्या कामातला एक बारकावा सांगते. बी-बारा कमी असलं की लाल पेशी फुगून मोठ्या होतात, आणि लोह कमी असलं की लहान होतात. दोन्ही कमी असेल तर मशीन सरासरी काढतं आणि आकार बरोबर दाखवतं! रिपोर्टवर एमसीव्ही म्हणून जो आकडा असतो तो नॉर्मल, म्हणून सगळं ठीक, असं धरू नका. दुसरं, आपण वाटतो त्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड असतं. त्याने रक्त सुधारल्यासारखं दिसतं, आणि आत बी-बाराअभावी नसा आणि मेंदू खराब होत राहू शकतात. म्हणून विसरणाऱ्या बाईचं नुसतं हिमोग्लोबिन करून थांबायचं नाही. बी-बारा, थायरॉइड, साखर, एवढं तरी सांगायचं. वेळेत सापडलं तर इंजेक्शनांनी बाई सावरते, मात्र फार उशीर झाला तर सगळं परत येत नाही.

परीक्षा घेताना डॉक्टर विचारतात, शंभरातून सात वजा करत जा. शाळा न पाहिलेली बाई गप्प बसते आणि कागदावर लिहिलं जातं, बुद्धी मंद. हरियाणातल्या बल्लभगडला नव्वदीच्या दशकात निरक्षर गावकऱ्यांसाठी वेगळी प्रश्नावली बेतली गेली ती याचसाठी. आपण सोबत गेलो तर डॉक्टरांना सांगता येतं, हिला बाजारहाट विचारा, नातवंडांची नावं विचारा, पूर्वी पुरणपोळीचा घाट एकटी घालायची आणि आता डाळीत मीठ दोनदा टाकते, हे लिहा. १९०१ साली जर्मनीत डॉक्टर अल्झायमर यांच्याकडे ज्या रोग्याला आणलं, जिच्यावरून या आजाराची ओळख पटली, ती ऑगुस्टे डेटर नावाची पन्नाशीची बाई होती, रेल्वेतल्या कारकुनाची बायको. तिच्या आजाराच्या पहिल्या खुणांत स्वयंपाक बिघडणं आणि नवऱ्यावर संशय घेणं होतं. बाईचं डोकं बिघडलंय हे घरादाराला जेवण बिघडल्यावरच कळतं. शंभर वर्षं झाली, त्यात फार फरक नाही.

आणि सांभाळायचं कोणी? २०२४ च्या सरकारी पाहणीत घरकामाला बाई दिवसाला २८९ मिनिटं देते, पुरुष ८८. ही साधी दिवसं झाली. डिमेन्शियाचं माणूस घरात असेल तर रात्रीही मोजावी लागते. संध्याकाळ झाली की म्हातारी बोचकं बांधते आणि "मला माहेरी जायचंय" म्हणत दाराशी जाते. माहेर पन्नास वर्षांपूर्वी धरणात गेलेलं असतं. तिला खरं काय ते सांगत बसू नये. "चहा घेऊ, मग निघू" म्हणावं, पाच मिनिटांत ती विसरते. यात फसवणूक नाही. अस्तु हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा मिळाला तर गटात दाखवा. त्यातला विद्वान म्हातारा हरवतो आणि त्याला माहुताची बायको आपलं लेकरू असल्यासारखं सांभाळते. मला तो आवडला, पण पाहताना एक गोष्ट खटकली की सांभाळणारी पुन्हा बाईच. सिनेमाचा तो दोष नाही, समाज तसाच आहे. घरात मुलगा आहे ना? त्याने आईला न्हाऊ घालायला शिकावं. पहिल्या दिवशी दोघं लाजतील, मग होतं.

गटांनी तीन ठिकाणी डोळे उघडे ठेवावेत. सुनेवरची तक्रार आली की आधी सासूची तपासणी, मग निवाडा. पण छळाची शक्यताही सोडू नका, विसरणाऱ्या बाईला खरोखर उपाशी ठेवणारे, बांधून ठेवणारे असतात, अंगावरचे वळ आणि वजन बघायचं. दुसरं, जमिनीचा कागद. एमआयडीसीलगतच्या जमिनीला भाव आले तसे म्हातारीच्या अंगठ्यालाही भाव आले. जिला आज वार सांगता येत नाही तिचा अंगठा हक्कसोडपत्रावर घ्यायला गाडी दारात येते. अशा वेळी तारखेचा डॉक्टरी कागद हातात असला तर उपयोगी पडतो. तिसरं, करणी, बाहेरचं लागलंय, असं कुणी म्हणालं तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो घेऊन उभं राहायचं.

मघाशी मागे बसलेल्या एकीने विचारलं, हे सगळं खरं, पण तिला दवाखान्यात नेणार कोण, माझा खाडा झाला तर हजेरी बोनस जातो. बरोबर आहे. म्हणून आपण इथे असं ठरवू, की एका गल्लीतल्या दोघींच्या वेगवेगळ्या शिफ्ट असतील तर सकाळी मोकळी असेल तिने दोन घरच्या म्हाताऱ्यांना एकत्र न्यायचं. इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग सकाळचा असतो, गावातलं सिल्व्हर ज्युबिली रुग्णालयही आहे. ज्येष्ठांसाठीचा सरकारी फोन १४५६७ घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुसत्या हिमोग्लोबिनला उपाशीपोटी जावं लागत नाही, साखरेला लागतं, तेव्हा सोबत डबा न्या. जाताना ती घेत असेल त्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, टॉनिकची बाटलीसुद्धा. आणि रिपोर्ट मिळाला की फोटो काढून मूळ कागद तिच्याच ट्रंकेत ठेवा.